न दिलेल्या लसीचा उत्तम परिणाम

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रोगप्रतिकारशक्ती तपासणी विभाग,
मध्यवर्ती प्रयोगशाळा.

विषय : मुलीच्या रक्ताचा अहवाल रद्द करून फेरतपासणी मिळणेबाबत.
संदर्भ : नोंदणी क्र. ४१७, दि. ३ चा अहवाल.

महोदय,

माझी तीन वर्षांची मुलगी वर्षभरात तीनदा न्युमोनियाने रुग्णालयात राहिली. तिचे शरीर जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनवते की नाही, हे पाहण्यासाठी आपल्याकडे तपासणी ठरली. आधी रक्त, मग लस, चार आठवड्यांनी पुन्हा रक्त आणि दोन्हींतल्या फरकावरून निदान.

१. पहिले रक्त दिले. लसीच्या दिवशी तिला ताप होता, म्हणून परिचारिकाताईंनी परत पाठवले. ती लस आजतागायत दिलेली नाही.

२. तरीही दुसऱ्या रक्ताचे बोलावणे आले. रक्त घेणाऱ्या दादांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "ताई, तारीख आली की आम्ही सुई टोचतो. लसीचं वरच्या मजल्यावर विचारा." वर कुलूप होते. मी खाली येईपर्यंत सासूबाईंच्या मांडीवर तिचे रक्त घेऊनही झाले होते.

३. अहवालात लिहिले आहे, "लसीला उत्तम प्रतिसाद. प्रतिपिंडांत सहापट वाढ." महोदय, कोणत्या लसीला? खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "अहो, नॉर्मल आलंय ना? लोक इथे उलट्या कारणासाठी भांडतात!" सासूबाई म्हणतात, "चांगलं आलंय, उगाच उकरत बसू नकोस." चांगले तर मलाही हवे होते. म्हणूनच दोन दिवस गप्प बसले, त्याची लाज वाटते. (मुलगी मांडीवर झोपली आहे, त्यामुळे अक्षर तिरके आले आहे. समजून घ्यावे.)

४. माझा संशय स्पष्ट लिहिते. एक तर नळ्यांची अदलाबदल झाली, नाहीतर आकडे कोणीतरी मनाने भरले. आणि याच अहवालावर विसंबून डॉक्टरांनी तिचे रोजचे प्रतिजैविक सोमवारपासून बंद करायला सांगितले आहे.

सबब, अहवाल रद्द झाल्याचे डॉक्टरांना सोमवारच्या आत लेखी कळवावे. लस दिल्यानंतर पुन्हा रक्त घ्यावे आणि नळीवरचे नाव माझ्यासमोर लिहावे. परवानगी असल्यास मी नळीबरोबर यंत्रापर्यंत येईन. मध्ये बोलणार नाही.

आणखी एक. ते चांगले आकडे कुणा दुसऱ्या लेकराचे असतील, तर माझ्या मुलीचे आकडे त्याच्या घरी गेले असतील. त्या घरातली आई आज धास्तावून बसली असेल. पहिला फोन तिला करावा. मला तासाभराने केलात तरी चालेल.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
नोंदणी क्र. ४१७ ची आई
दि. ६

सोबत : १) अहवालाची प्रत. २) लसीच्या कार्डाची प्रत, रकाना कोरा.