दिवाणसाहेबांचं ‘कळलं’

अण्णा, तुम्ही महाराजांचे दिवाण होतात तेव्हा लोक तुम्हाला होयबा म्हणत, हे तुमच्या कानावर आलंच असेल. मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला दरबार दाखवायला नेलंत. महाराज शिकारीसाठी नदीकाठचं गायरान बंद करायला सांगताहेत, दुष्काळात गुरांची हाडं दिसताहेत, आणि तुम्ही पगडी सावरून नुसतं म्हणता, “कळलं, सरकार.” मला तुमची लाज वाटली. पण तो हुकूम कधी निघालाच नाही, आणि महाराजांनीही पुन्हा विचारलं नाही. तुम्ही ‘आज्ञा’ म्हणालात की काम होणार आणि ‘कळलं’ म्हणालात की होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोरच्याचा मान राखून नकार द्यायची ती तुमची रीत. घरीही तीच. आई आम्हाला सांगायची, कळलं म्हणाले ना, मग आता तो विषय सोडा.

मीही तीच उचलली. पुढे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात, तिचा काही उपयोग झाला नाही. मी ‘कळलं’ म्हटलं की जर्मन साहेब खूश होऊन कामाला लागायचे. शेवटी तिथे तोंडावर नाही म्हणायला शिकलो, घरी मात्र दिवाणच राहिलो. गेल्या महिन्यात तुमची नात सांगायला आली की ती हॅनोव्हरला एका जर्मन मुलाबरोबर राहायला जाणार आहे, लग्न न करता. मी म्हटलं, कळलं. एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, “बाबा, ते आजोबांचं कळलं नको. नाही म्हणायचंय ना? मग नाही म्हण.”

“नाही. जाऊ नकोस.”

“गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली. मग आम्ही कडाकडा भांडलो. ती रडली, माझाही आवाज चढला. तुमच्यासमोर आपल्या घरात कुणाचा आवाज असा कधी चढला नव्हता. ती जाणार होती ती गेलीच. सामान मीच गाडीत भरून दिलं. निघताना म्हणाली, पोचले की फोन करते, उरलेलं तेव्हा भांडू.

मी जर्मनीला यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही ‘कळलं’ म्हणालात आणि पेपर उघडलात. मला अर्थ ठाऊक होता, आणि तो मला ठाऊक आहे हे तुम्हालाही. मी वाकून नमस्कार केला, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, आणि तुम्ही जाईपर्यंत आपण त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तुम्ही तुमच्या परीने माझाही मान राखलात, हे समजतं मला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. मला पोरीचा हेवा वाटतो, अण्णा. मलाही तुमच्याशी भांडून निघायचं होतं.