चौथा उद्गार तूच घे

वाघोली, पुणे
१५ मार्च, रविवार

प्रिय शांतवन,

आक्काचा सलाम. मी बरी आहे. तू बरा नाहीस हे तुझ्या पत्रातून कळलंच, म्हणून ‘तू खुशाल असशील’ असं लिहून शाई घालवत नाही.

पत्र लिहिते कारण फोनवर मी ओरडते आणि तू ‘रेंज नाही’ म्हणून ठेवून देतोस. पत्र ठेवून देता येत नाही. माझं अक्षर चौथीतलं आहे, लावून वाच. पाळक झालास म्हणून चुका काढत बसू नकोस.

इकडे ऊन तापलंय. टँकर दिवसाआड येतो आणि बायका त्याच्यापेक्षा आधी येऊन भांडून घेतात. कसबा पेठेत कामावर पोचायला दोन बस बदलते. ज्यांच्याकडे जाते त्या आनंदीबाई अजून आहेत, आणि त्यांचं तोंडही आहे. मूत्रपिंडं निकामी झाली, डॉक्टरांनी पाणी मापात द्यायला सांगितलंय. दिवसभरात एक लहान बाटली, संपली की संपली. मग मी कापूस ओला करून ओठांवरून फिरवते. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे तहानसुद्धा हुकूम सोडल्यासारखी लागते.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं, घरी येऊन परत वाचलं. धोंडिबाची सलोनी गेल्यापासून तुला देवाची हाक ऐकू येत नाही. पुलपिटावर उपदेशाला उभा राहिलास की नोटीस वाचल्यासारखं वाटतं. राजीनामा लिहून ठेवलाय, ईस्टर झाला की बिशपसाहेबांना देणार. इथे पुण्यात एका कॉलेजच्या वसतिगृहात रेक्टरची जागा आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘आक्का, तुझ्याकडे राहायला येऊ का?’

उत्तर देते. थांब जरा.

आधी माझं काम. शुभ शुक्रवारी पाचवा उद्गार तू मला दिलायस, म्हणून मी सुट्टी मागितली. आनंदीबाई म्हणाल्या, “सोजर, सुट्टी कशाला? इथे मरायचं मी, आणि सुट्टी तुला.”

मी सांगितलं, त्या दिवशी आमच्यात बारा ते तीन उपासना असते. येशू क्रूसावर असताना सात वेळा बोलला. त्या एकेका बोलण्यावर एकेक माणूस उभं राहून बोलतं. माझ्या भावाने यंदा मला तहानेचा उद्गार दिलाय.

“तू बोलणार? तीन तास?”

“नाही हो. सातांतली एक. वीस मिनिटं.”

“तरी त्या लोकांची दया येते.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “दिलं का त्याला कोणी पाणी?”

“पाणी नाही. आंब दिली, आंबलेला द्राक्षारस. स्पंज भिजवून, काठीला लावून.”

“बघ! त्या दुष्टांनीसुद्धा काहीतरी दिलं. तू नुसता कापूस फिरवतेस.”

त्यांची सून स्वराली खो खो हसली. मला हसू आलं नाही रे. हातात ओला कापूस, समोर त्या सुकलेल्या ओठांच्या बाई, आणि मी तशीच उभी. देणं माझ्या हातात नव्हतं. बाटली संपली होती. पण कापूस खाली ठेवून निघून जाणंही मला जमलं नसतं. माझं वीस मिनिटांचं बोलणं तिथेच तयार झालं. लिहून वगैरे आणणार नाही. पाच मिनिटांत संपलं तर उरलेल्या वेळात भजन म्हणा.

आता तुझी ती हाक. तुझ्या पत्रात तो शब्द इतक्यांदा आलाय की मला वैताग आला. मला जन्मात कधी हाक आली नाही. आनंदीबाईंनी देवघरातली पूजेची घंटी उशाशी ठेवलीय, ती वाजवतात. वाजली की मी जाते. कूस बदलायला वाजवतात, माशी हाकलायला वाजवतात, मी जिवंत आहे का बघायलाही वाजवतात. आणि बराच वेळ वाजली नाही तर? तर मी हातातलं पातेलं तसंच टाकून जास्त घाईने जाते. वाजली नाही म्हणून स्वयंपाकघरात बसून राहिले, असं कधी झालेलं नाही. तू सेमिनरीत एवढी वर्षं शिकलास, तुला हे मी सांगायचं?

रागावू नकोस. रागावलास तरी वाचत जा.

गेल्या आठवड्यात मला धोंडिबाचा फोन आला. तुला सांगू नका म्हणाला, म्हणून सांगते. तुला वाटतं तो तुझ्यावर रागावलाय. तू दवाखान्यात त्याच्यासमोर प्रार्थना केलीस, ‘सलोनी उठणार’ असं मोठ्याने म्हणालास, आणि डेंग्यूने पोर गेली. तेव्हापासून तुला त्याच्याकडे बघवत नाही. तो मात्र चर्च झाडतो, रविवारी घंटा वाजवतो, सगळं पहिल्यासारखं. फोनवर मला काय म्हणाला ऐक. “आक्का, पाळकसाहेब उपदेश चांगला करतात, पण आमच्या बाकाकडं बघत न्हाईत. आमचं काय चुकलं का?”

त्याची लेक गेली, आणि तो विचारतोय आपलं काय चुकलं!

मला फार राग आला तुझा. कुकरची शिट्टी होत होती, तीही मी ऐकली नाही, डाळ करपली.

बोलणाऱ्यांची यादी तू मला पाठवलीच आहेस. चौथ्या उद्गारावर नगरच्या कोणा डॉक्टर पदवीवाल्या पाहुण्याचं नाव घातलंयस. का, तर तो उद्गार जड आहे. ‘देवा, तू मला का सोडलंस’ हे आपल्याच्याने झेपायचं नाही, म्हणून दरवर्षी बाहेरचा माणूस बोलवायचा, त्याने मूळ भाषेत त्याचा अर्थ काय ते सांगायचं, आणि सगळ्यांनी घड्याळ बघायचं. यंदा पाहुण्याला दुसरा कुठला तरी दे. फार तर माझा दे, मी मागे बसून चहाचं बघते. नको, माझा देऊ नकोस. माझा मला पाहिजे.

चौथा तूच घे.

अर्थ सांगू नकोस. तुझ्याकडे आत्ता विश्वास नाही म्हणतोस ना? मग त्या एका उद्गाराला तुझ्याइतका लायक माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. उभा राहा, पहिल्या बाकावर धोंडिबा बसलेला असेल, त्याच्याकडे बघ, आणि देवाला तेच विचार जे तू मला पत्रात विचारलंयस. उत्तर आलं नाही तर आलं नाही. येशूलाही त्या घडीला आलं नव्हतं. पण तो खाली उतरून वसतिगृहाचा रेक्टर झाला नाही.

रडू आलं तर रड. मंडळीतल्या लोकांनी तुला बारशाला, लग्नाला, मयताला कोट घातलेला पाहिलाय, एकदा रडताना पाहू दे. धोंडिबाला उपदेश नको, त्याच्या शेजारी कापूस धरून उभं राहणारं माणूस पाहिजे. माझं पाचव्याचं बोलणं लगेच तुझ्यामागून आहे. तू मध्येच अडकलास तर मी सरळ उठून सुरू करीन, घाबरू नकोस.

त्यानंतरही राजीनामा द्यायचा असेल तर दे. मी अडवणार नाही. अडवणार आहे, पण ते तेव्हा बघू.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येऊ नकोस.

खोली लहान आहे, जागा नाही, असं लिहिणार होते. पण रविवारी खोटं लिहवत नाही. तुझे दाजी गेल्यापासून इथे जागाच जागा आहे. एकटीसाठी भाकरी थापायची म्हटलं की पीठ मळायच्या आधीच भूक मरते. तुझं पत्र आलं आणि मी काय केलं सांगू? बाजारात जाऊन लोखंडी खाट आणली. शेजारच्या मुक्ताईने विचारलं, “कोण येणार आहे का?” म्हटलं, “कोणी नाही.” “मग खाट कशाला?” म्हटलं, “पापड वाळत घालायला.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दार लावून घेतलं.

दाजींच्या कपाटाचा एक कप्पाही रिकामा केलाय. हे तुला सांगायचं नव्हतं.

तरीही येऊ नकोस. हवापालटाला ये, ईस्टरनंतर आठ दिवस ये, मटण करीन, खा, झोप, परत जा. लपायला मात्र येऊ नकोस. लपलेल्या माणसाला जेवण वाढायला मला आवडणार नाही, आणि मी वाढीन, तेच तर अवघड आहे.

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, वाघोलीच्या स्टॉपवरून एसटीला हात करते. दुपारपर्यंत पोचते. स्टँडवर तू येऊ नकोस, धोंडिबाला पाठव. नाहीतर असं कर, दोघेही या. एकाच गाडीवर बसून या.

ती खाट रिकामी राहावी म्हणून देवाजवळ रोज मागणारी, आणि रोज सकाळी तिच्यावरची चादर झटकून नीट घालणारी,

तुझी आक्का
सोजर