नंदा एकटी बाहेर का जाते

५ जाने., रविवार
दुपारभर सिनेमा. राक्षसी सरडा, हिंदीत डब केलेला. संदीप हसून राहिला, मी चिडून. धडधाकट आठ-दहा माणसं, हातात बंदुका, आणि म्हणे आपण वेगवेगळ्या दिशांनी जाऊ. कशाला? सरड्याची सोय व्हावी म्हणून? एक बाई तर पळता पळता थांबते, मागं बघते आणि बघतच राहते. संदीप म्हणाला, तुझ्यासंगं सिनेमा बघणं म्हणजे परीक्षेला बसणं हाय. संध्याकाळच्या एसटीनं तो नांदेडला, बँकेतल्या नोकरीवर. आता नवरा शनिवारी दिसणार.
राहुलची संहिता आली. लातुरात लग्नांची शूटिंगं करून वैतागलाय, आता राक्षसाचा सिनेमा काढतोय. उसातलं जनावर. कॉलेजात त्याच्या एकांकिका मीच लिहायचे, म्हणून संवाद माझ्याकडं.

८ जाने., बुधवार
लॅबमध्ये पेशंट कमी. रक्ताच्या नळ्या मशीनला लावल्या आणि वाचत बसले. सीन बारा : नंदाला बाहेर गुरगुर ऐकू येते. ती बॅटरी घेऊन एकटी उसाकडं जाते. समासात लिहिलं, "का?"
राहुलला फोन. म्हणतो, ती गेली नाही तर सिनेमा तिथंच संपतो. म्हटलं संपू दे, पण बाई खुळी नको. माझी नंदा आतून कडी लावेल, शेजाऱ्यांना फोन करेल, उजाडेपर्यंत पाऊल बाहेर टाकणार नाही. तो म्हणाला पब्लिक झोपेल. म्हटलं, शहाणं माणूस सापडतं ना, तेव्हा पब्लिकला खरी धडकी भरते. बरं, तसं लिही म्हणाला. जिंकले.

१२ जाने., रविवार
गावात खरोखरचा बिबट्या. ओढ्याच्या कडेला ठसे. वन खात्याचा माणूस येऊन सांगून गेला : दिवस मावळल्यावर एकटं जायचं नाही, घोळक्यानं जा, शेतात वाकून बसू नका. म्हणजे सीन बाराबद्दल मी जे बोलले तेच. तो गाडीत बसतो न बसतो तोच अर्धं गाव मोबाईल उंच धरून उसात. शेजारचे दत्तूभाऊ लेकराला खांद्यावर घेऊन गेले, वाघ दाखवायला. मी ओट्यावरून हसून घेतलं.
सासूबाईंना बिबट्याचं काही नाही. म्हैस व्यायला झालीय आणि ती बांधलीय शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपरात. घरी आणू म्हटलं तर म्हणाल्या, जागा बदलली की ती बिथरते. निघताना संदीप मला म्हणाला, तू समजदार हायस, आईला सांभाळ. निर्धास्त जा म्हटलं.

१६ जाने., गुरुवार
काल लिहिलं नाही.
सासरे संक्रांतीपासून हिमायतनगरला, नणंदेकडं. मी निलंग्याच्या लॅबमधून आले तर घराला बाहेरून कडी. सासूबाईंचा मोबाईल आत चार्जिंगला. दिवस मावळलेला. कुठं गेल्या ते विचारायची गरजच नव्हती.
दत्तूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, वहिनी तिथंच थांबा, पोरं गोळा करून आलोच. हे बरोबरच. माझं काम एवढंच, ओट्यावर बसायचं. बसले. मग उठले. केव्हा उठले ते आठवत नाही. पायात लॅबमधल्या स्लीपर होत्या हे वाटेत कळलं.
दोन्ही बाजूंनी ऊस. मोबाईलचा उजेड पायापुरता. सासूबाईंना हाका मारत गेले, "आत्या, ओ आत्या." वळणावर उसात सळसळ झाली. वारा नव्हता. थांबले. आणि मोठ्यानं म्हणाले, "कोण हाय?"
मी म्हणाले हे. सिनेमात ज्या वाक्याला मी उशी फेकून मारते ते.
सळसळ थांबली. घर मागं होतं आणि आत्या पुढं. पुढं गेले.
आखाड्यावर बल्ब चालू. म्हैस अडलेली, रेडकाचा एकच पाय बाहेर. सासूबाईंचा हात कोपरापर्यंत आत. मला बघून भडकल्या.
"एकटी आलीस? अक्कल हाय का तुला?"
"आन् तुम्ही?"
"मी म्हशीसाठी आले. तू कशाला आलीस?"
उत्तराला त्या थांबल्या नाहीत. दुसरा पाय हाताला लागला होता, तो धरायला लावला. म्हैस कळ देईल तसं ओढायचं, एरवी नुसतं धरून ठेवायचं. धरून ठेवणं जास्त अवघड. दत्तूभाऊ आणि मंडळी डबे बडवत आली तोवर रेडकू बाहेर आलं होतं. पारडी, भुईवर पडून श्वास घेऊन राहिली होती. सासूबाई तिच्या नाकातलं पुसून राहिल्या. माझ्याकडं बघून फक्त म्हणाल्या, पदर खराब झाला तुझा.
घरी येऊन हात धुताना मोरीतच बसले. भीती तिथं आली.
सकाळी वळणावर ठसे निघाले. आम्ही जायच्या आधीचे की नंतरचे, वन खात्याच्या माणसालाही सांगता येईना.

१८ जाने., शनिवार
संदीप आला. ओरडला नाही, त्यानं जास्त लागलं. म्हणाला, माणसं येऊनच राहिली होती, मग का गेलीस? म्हटलं बसवेना. एवढंच उत्तर हाय माझ्याकडं. त्यानं तोंड फिरवलं.
जेवताना म्हणाला, सगळे नांदेडला चला. सासूबाईंनी विचारलं, आन् म्हैस? विषय संपला.
दिवस मावळताना काठी घेऊन चिकाचं दूध आणायला आखाड्यावर गेला. कुणाला न सांगता, एकटा. आल्यावर मी त्याच्या हातातली किटली घेतली. काठी त्यानं कोपऱ्यात ठेवली.

२० जाने., सोमवार
सीन बारा नव्यानं लिहिला. नंदाची आई म्हशीकडं गेलीय. नंदा फोन करते, थांबते, मग जाते.
राहुल वैतागला. तूच म्हणालीस ती जाणार नाही. म्हटलं हो, आणि ते चूक होतं. पण तुझंही चूक. गुरगुर ऐकून कुणी बाहेर जात नाही. आपलं कुणी बाहेर असलं की जातात. तो म्हणतो म्हैस कुठून आणू, म्हैस रीटेक देत नाही. म्हटलं ते तुझं तू बघ, नाहीतर माझं नाव काढ. विचार करतो म्हणाला. करेल. सीन चांगला झालाय, त्यालाही कळतंय.
सरड्याच्या सिनेमातली माणसं मात्र अजून मूर्खच. त्यांचं कुणी बाहेर नव्हतं.

२ फेब्रु., रविवार. लातूरजवळचं मुरुड
शूटिंग. नंदाचं काम प्रज्ञा करते, उदगीरची, नर्सिंगला आहे. तिनं विचारलं, ताई, ही शेजाऱ्यांसाठी का थांबत नाही? म्हटलं थांबते की. तू खरंच बस ओट्यावर, आणि आई तिकडं हाय असं धर. बसवेल तोवर बस.
बसली. राहुलनं दोनदा घड्याळ बघितलं. मग उठली ती अशी, की कॅमेरावाला मागं पडला. वळणावर थांबली. "कोण हाय" म्हणायचं होतं, म्हणालीच नाही. नुसती उभी राहिली, आणि पुढं गेली. राहुलनं कट म्हटलं तरी चालत राहिली.
वाक्य काढायचं का? मी ते खरंच म्हणाले होते. पण तिचं बघून वाटलं, असंही असू शकतं. ठरत नाही अजून.
राहुलनं दोन्ही तऱ्हा घेऊन ठेवल्या, गुरगुरीचा सीन आणि आईचा. एडिटिंगला बघू म्हणतो. म्हटलं मी येऊन बसणार शेजारी.
अंधार पडताना घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, पिंजरा लावलाय पण रिकामाच हाय, आतली शेळी मजेत चारा खाऊन राहिली. पारडी बरी. धार काढायचीय. म्हटलं सासरे बाजारातून येईपर्यंत थांबा, एकट्या जाऊ नका.
"हाव, थांबते," म्हणाल्या.
त्यांचं हाव मला माहीत आहे.