दुसऱ्या दिवशीची मोजणी

सदर, नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. विक्रम,

तुला आणि काजलला अनेक आशीर्वाद. तिला अजून पाहिलंही नाही, आशीर्वाद कसले देतेस, असं म्हणशील. म्हण.

आधी बातमी. मिनलच्या अंगात तुझ्या मूळ पेशी रुजल्या. तीन दिवस सलग तिच्या पांढऱ्या पेशी वाढताहेत. लॅबमध्ये रिपोर्ट हातात घेऊन मी इतक्या मोठ्यानं हसले की माझा सहकारी हर्षित दचकला आणि त्याचा चहा सांडला. आपल्या धाकटीला कॅन्सर झाल्यापासून मी अशी हसले नव्हते. बाईसाहेब कालपासून तर्री पोहे मागताहेत. डॉक्टर नको म्हणाले, तर म्हणते, "आता माह्यात विक्रमदादाचं रक्त हाये, मी काहून कोणाचं ऐकू?"

आता दुसरं. तू सिस्टरांजवळ म्हणालास ते माझ्या कानावर आलं. "ताईनं मले मुद्दाम दुसऱ्या दिवशी बसवलं." पेशी काढायच्या मशीनला पुन्हा पाच तास, दोन्ही हातांत सुया. रागावलास यात नवल नाही. पण ऐक.

तेव्हा आम्ही मूळ पेशी मोजायच्या दोन पद्धती ताडून पाहत होतो. जुनीत दोन मशीनचे आकडे घेऊन गुणायचे. नवीत नमुन्यात ठरावीक संख्येचे अगदी बारीक मणी मिसळायचे आणि त्यांच्या हिशेबानं पेशी मोजायच्या. नमुन्यावर नुसता क्रमांक असतो, पण त्या दिवशी दाता तू एकटाच होतास, म्हणून नमुना तुझाच हे मला ठाऊक होतं. जुनी म्हणाली पुरेशा आहेत, नवी म्हणाली कमी. आणि जुनी आकडा फुगवते, हे आधीच्या तीसेक नमुन्यांत आम्हाला दिसलं होतं.

खरं सांगते विक्रम, कमी आकडा पाहून मी घाबरले आणि त्याच वेळी मला आनंद झाला. तू उद्या परत येणार, काचेतून का होईना दिसणार. त्या आनंदाची मला फार लाज वाटली. बहीण तिकडे जिवाशी झगडतेय आणि माझं हे असं. मग माझ्याच मोजणीवर माझा भरवसा उरेना. आकडा झाकून ठेवला आणि हर्षितला पहिल्यापासून मोजायला लावलं. त्याचाही कमीच आला, तेव्हा डॉक्टरांना कळवलं. पहिल्या दिवसाच्या थोड्या पेशी लॅबमधल्या काचेच्या बशीतही वाढत ठेवल्या होत्या. चौदा दिवसांनी पाहिलं, तर तिथंही कमीच उगवल्या होत्या, म्हणजे नवी मोजणीच खरी होती.

पण तुला दोन दिवस पाहिलं आणि एक शब्द बोलले नाही, ही चूक कुठल्याच मशीनवर ढकलता येत नाही. लग्नाला आले नाही, तीही माझीच. काजल आपल्यातली नाही म्हणून काका बोलले, मी त्यांना भ्याले आणि सगळा दोष तुझ्या हट्टाला दिला. चार वर्षं गेली.

रविवारी मी कामठीला येतेय. आधी काजलची माफी मागेन, मग तुझी. तू दार उघडलं नाहीस तरी मी पायरीवर बसून राहीन, शेजारी विचारतील तर सांगेन की बहीण आहे त्याची.

तुझी, आणि ती म्हणू देईल तर काजलचीही,
ताई