हिरव्या कापडाचं टेबल

शनिवार, डंडॉक

आज आमच्या रग्बी लीग क्लबची जुन्या आठवणींची संध्याकाळ. शेजारच्या गावातला क्लब आमचा जुना वैरी. दरवर्षी त्यांच्यासाठी हिरव्या कापडाचं टेबल मांडायचं आणि ते आले की मनसोक्त शिव्या घालायच्या, हाच त्यांचा मान. यंदा त्यांचा क्लबच बंद पडला. तरी आमच्या क्लबच्या म्हाताऱ्या शेमसने टेबल मांडलंच.

“कशाला?” मी विचारलं.

“मग शिव्या कुणाला घालायच्या?”

कुणी हसलं नाही. आमचेही आता संघापुरते धड तेरा खेळाडू जमत नाहीत. मग त्याने माझ्या अंगातली जर्सी मागितली, जुन्या जर्स्यांच्या काचेच्या कपाटात लावायला. मी अजून खेळतोय, एवढं तरी मी बोलायला हवं होतं ना? त्या रिकाम्या हिरव्या टेबलाकडे बघत जर्सी काढून दिली.

“ग्रँड, झकास,” म्हणत त्याने कपाटाला कुलूप लावलं.