सादळलेले मणी

४ मार्च
पुन्हा ओल! निळ्या माळेचे मणी सकाळी हाताला चिकट लागले. हजारो वर्षं मातीखाली ठणठणीत राहिलेली काच आमच्या संग्रहालयाच्या कपाटात पाझरतेय. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला गेले, तर एका मण्याचा पापुद्राच बोळ्याबरोबर आला. हे आता थांबणार नाही. मला कळतंय, साहेबांना ऐकायचं नाही.

६ मार्च
ज्या टेकाडात ही माळ सापडली — एका लहान मुलीच्या थडग्यात — त्याच्या पायथ्याच्या वस्तीतून एक म्हातारी आली. सोबत सून. म्हातारी कपाटाला नाक लावून उभी. मग थेट मलाच — "पोरीच्या गळ्यातलं काढून आणलंत, बाई. द्या परत. होतं तिथं ठेवते."
सून ओशाळली. "अहो आई, चला ना!"

७ मार्च
साहेबांच्या कानावर घातलं. "अहो, तिकडे आठवड्यात भुगा होईल माळेचा! आणि उद्या जो तो मागायला येईल. आपण काय रिकामी कपाटं दाखवायची?"
भुगा इथंही होणारच आहे — ओठांवर आलं होतं. गिळलं.
घरी नवरा म्हणतो, "मला ताप आला तेव्हा तू मण्यांपाशी, गोळी मीच शोधली होती. पुढच्या जन्मी मणीच होतो!" हसले. मग उगीचच रडू फुटलं.

११ मार्च
म्हातारी परत आली. साहेबांच्या खोलीत मीही होते. त्यांना सोडून तिनं मलाच विचारलं, "तुझ्यापाशी राहिली तर वाचेल का गं?"
"नाही, आजी."
ती गेल्यावर साहेबांनी मला फाडून खाल्लं. "परक्यांसमोर अब्रू घालवलीत!" काचवस्तूंचं दालन माझ्याकडून काढलं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. माळ काही तिला मिळाली नाहीच.

१२ मार्च
दिवसभर खापरं पुसली. दिवस सरेना.

१९ मार्च
माळेकडे कुणी फिरकलेलंच नाही. पहारेकरी हळूच म्हणाला, "बाई, कपाटात चुरा पडलाय."
संपलं. खरं बोलून काय मिळवलं मी? आजीच्या हाती काही नाही, माझ्या हातचं होतं तेही गेलं.

२० मार्च
साहेब स्वतः खापरांच्या खोलीत आले. माळ उचलायला गेले आणि मणी चिमटीतच फुटला म्हणे. बोटांना चुरा तसाच. स्टुलावर बसले. म्हणाले — "उरलेली कापसात नीट गुंडाळा. गाडी सांगितलीय. म्हातारीच्या हातात मीच देईन — तुम्ही फक्त बरोबर चला."