फोटोत कोण कोण आहे

२ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. वही ऑफिसची, कोरीच राहिलेली. मोठं काम हाती घेतलं आहे.

काल ताईचा फोन. ती दुसऱ्या गावात, एकटी. नजर गेली त्याला दोन वर्षं झाली. मोबाइल तिला सगळं वाचून दाखवतो, पण फॅमिली ग्रुपवर फोटो आला की नुसतं "फोटो" म्हणतो आणि गप्प बसतो. दिवसातून पंधरा वेळा "फोटो, फोटो" ऐकून जीव विटला, म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

ठराव: ग्रुपवरच्या प्रत्येक फोटोखाली मी वर्णन लिहिणार. इन्शुरन्स कंपनीत एकतीस वर्षं सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि रिपोर्ट लिहायचे. माझा रिपोर्ट वाचला की साहेबांना खुर्चीतून उठून गाडी बघायची गरज पडत नसे. याहून लायक माणूस घरात दुसरा कोण?

३ जून
इंटरनेटवर अभ्यास. वर्णन थोडक्यात हवं, महत्त्वाचं आधी, स्वतःचं मत घालू नये. शेवटचा मुद्दा मला लागू नाही. मी मत देतच नाही, आहे ते लिहितो.

४ जून, दुपारी
श्रीगणेशा. वहिनीने बागेतला फोटो टाकला. लिहिलं: "वहिनी, उभी, समोरून. निळा ड्रेस. केस रंगवलेले, मुळाशी अर्धा इंच पांढरे. पोट आत ओढून धरलं आहे. मागे कुंडी, तडकलेली."

ताईचा व्हॉइस मेसेज आला, मिनिटभर नुसतं हसणं. वहिनीचं उत्तर नाही. भारावली असणार.

७ जून
पुतण्याची नवी गाडी. म्हणजे माझा खास विषय. लिहिलं: "पांढरी गाडी. डाव्या दरवाजाला दुसऱ्यांदा रंग दिला आहे, शेड जुळत नाही. गाडी आधी ठोकलेली आहे. पुतण्या बॉनेटवर हात ठेवून हसतो आहे. त्याला हे माहीत नसावं."

पुतण्याचा फोन. काका, हे ग्रुपवर लिहायलाच हवं होतं का, सासरची माणसंही आहेत तिथे. म्हटलं, नाहीतर तुझ्या आत्याला कसं कळणार? त्याने फोन ठेवला. मुद्दा पटला.

११ जून
दादाचा फोन. (दादा थोरला, ताई मधली, मी शेंडेफळ, वय बासष्ट.) म्हणाला, जरा हात आवर, घरातली माणसं आहेत, ठोकलेल्या गाड्या नव्हेत. कोणाची तक्रार आहे का विचारलं. म्हणाला, किती जणांची सांगू? दादाला पहिल्यापासून वाढवून सांगायची सवय.

१५ जून
चार दिवसांत ग्रुपवर एकही फोटो नाही. लोक आता टाकण्याआधी विचार करू लागले आहेत. दर्जा सुधारतो आहे. हे माझं यश, पण कुठे बोलून दाखवणार नाही.

१९ जून, सकाळी
अजून काही नाही. चहा घेऊन, चष्मा पुसून नऊपासून तयार बसतो. नेटवर्क तपासलं. मोबाइल बंद करून सुरू केला.

हात बसलेला राहावा म्हणून माझ्याच स्वयंपाकघराचं वर्णन ताईला पाठवलं: "एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर रद्दी. एक ताट, उपडं. एक कप." ताई म्हणाली, छान आहे रे, पण एखादं माणूस घाल ना. म्हटलं, सध्या स्टॉक नाही. या वेळी ती हसली नाही. रेंज नसेल.

२३ जून, दुपारी
फोटो आला! ग्रुपवर नाही. वहिनीने ताईला परस्पर पाठवला होता, ताईने मला. फोटोत कोण कोण आहे ते सांग, म्हणाली.

हॉटेलचा हॉल. लांब टेबल, केक, त्यावर सत्तरचा आकडा. दादाचा वाढदिवस, कालचा. दादा, वहिनी, पुतण्या, सून, सुनेचे आईवडील, चुलत भाऊ सहकुटुंब, दादाचं फिरायला जाणारं टोळकं. दातांचा डॉक्टरसुद्धा. एकूण बावीस. तीनदा मोजले.

काल सकाळी नऊला मी दादाला शुभेच्छांचा फोन केला होता. संध्याकाळी काय, विचारलं. म्हणाला, काही नाही, घरीच आहोत. त्याचं घर इथून दोन बसस्टॉपवर आहे.

वाईट वाटलं. खूप वाटलं. लिहून ठेवतो.

मग वर्णन लिहिलं. "सगळे हसत आहेत. मध्ये दादा. वहिनी छान दिसते आहे." कुणाचं काही काढलं नाही. ताईने लगेच विचारलं, आणि तू कुठे आहेस?

मी लिहिलं, मी फोटो काढतोय.

कोणीतरी काढलाच असेल ना. आणि तिला उगाच कशाला त्रास, म्हणून लिहिलं. तिच्यासाठीच.

२३ जून, संध्याकाळी
ताईचं उत्तर. म्हणते, बरं झालं बाबा, तू तरी होतास. मला वाटलं, आपल्या दोघांनाही टाळलं. मला वहिनी म्हणाली, गर्दीत तुमचे हाल होतील, पुढे कधीतरी निवांत या. असू दे.

म्हणजे आता टाळलेली ती एकटीच.

२४ जून
ठराव: ताईला खरं सांगायचं. आजच.

सकाळी फोन केला नाही, तिच्या कामाची वेळ. दुपारी ती आडवी होते. पाचला नक्की करणार होतो, तर पावणेपाचला तिचाच आला. विचारलं, केक कुठला होता? चॉकलेटचा, म्हटलं. फोटोत तसाच दिसतो. दादा काही बोलला का सगळ्यांसमोर? बोलला ना, म्हटलं. तुझी आठवण काढली त्याने.

ताई म्हणाली, खरंच? म्हटलं, अगं, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मग तिला सगळंच ऐकायचं होतं. अर्धा तास सांगत होतो. कोण काय म्हणालं, माझी खुर्ची कुठे होती, दादाने मला पहिला घास कसा भरवला. इतकं चांगलं वर्णन मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

फोन ठेवताना ताई म्हणाली, पुढच्या वेळी वहिनी काहीही म्हणू दे, तू मला न्यायला ये. आपण दोघं शेजारी बसू.

येतो म्हटलं.